विरी गेलेल्या पिठाच्या भाकऱ्या

हूफडॉर्प, नेदरलँड्स, शनिवार, १२ नोव्हेंबर २००५

नातीनं, ईरानं, दूध-तूप सोडल्यापासून पंधरा दिवस माझ्या हातचं काही खाल्लं नाही. नुसती पावावर. सून म्हणे, "आई, तुमच्यातलं काय चालणार तिला?" अगं, माझ्या माहेरी तूप सणालाच दिसायचं!

आज मटकीची उसळ केली, इथल्या बुरनकोलची, म्हणजे कुरळ्या पानांच्या कोबीची, लसूण घालून पालेभाजी. ज्वारीच्या पिठाची मात्र विरी गेलेली, चिकटपणाच उरला नव्हता. दोन भाकऱ्या थापतानाच फाटल्या. मुलगा हसला. मग पीठ उकळत्या पाण्यात मळलं. विरी गेली म्हणून काय, माझा हात थोडाच गेलाय?

ईरानं चार खाल्ल्या! मध्येच विचारते, "आजी, हे सगळं व्हेगन आहे?"

"ते मला माहीत नाही. भाकरी आहे, गिळ."

सुनेनं आपलंही ताट पुढं केलं.