हात लाव की

मुंबई, नोव्हेंबर १९७६

अव्वा,

चनबसप्पाचा तुला आणि आप्पांना शरणार्थ. माझा खोकला गेला. खानावळीत भाकरी मिळते, आपल्यासारखी कडक नसते एवढंच.

टीव्हीसाठी आम्ही हलत्या चित्रांची मालिका करतोय. पाच वीर मिळून लोकांना संकटातून सोडवतात. एक उडतो, एक पोरगी वाऱ्यासारखी पळते. सगळ्यात ताकदीचा मल्ल माझ्याकडं आहे काढायला. त्याला मी आप्पांसारखं केलं होतं. पोतं पाठीवर घेण्याआधी आप्पा सोबतच्या हमालांना म्हणायचे, "हात लाव की." तसंच हा म्हणायचा, मग चौघं हात लावायचे आणि दगड त्याच्या पाठीवर चढायचा.

साहेबांनी ते गाळायला लावलं. एवढ्या ताकदीच्या माणसाला दुसऱ्याचा हात कशाला, म्हणाले. आता तो एकटाच उचलतो, बाकीचे मागं नुसते बघत उभे. आठवडाभर मी तेच काढतोय.

तू लिहितेस, सगळं नीट आहे. पण आप्पांचं उजवं अंग गेलंय. त्यांना कुशीवर वळवताना तुला हात कोण लावतं? शेजारची काशम्मा येते का? तुझी कंबर लई दुखत असेल. मी रजा मागितली, मालिका संपेपर्यंत नाही म्हणाले.

हे आप्पांना वाचून दाखवू नकोस. त्यांना एवढंच सांग, त्यांचा मल्ल अजून "हात लाव की" म्हणतो.

इथून नुसता बघत उभा असलेला,
तुझा चन्नू