चपला पायात जाईनात

४ फेब्रुवारी
चपला पायात जाईनात! परवापर्यंत जात होत्या. आज रेटून पाहिलं, तेल लावून पाहिलं – टाच बाहेरच. पाय कसले, दोन उशा! शेवटी मोरीतल्या रबरी सपाता अडकवल्या आणि लाँड्रीत गेले. दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी. संध्याकाळी तळव्यांत कुणी खिळे ठोकतंय असं वाटत होतं.

५ फेब्रुवारी
दवाखान्यातली नर्स खमकी आहे. रक्तदाब पाहिला, लघवी तपासली, मग पायावर अंगठा दाबला – खड्डा पडला! म्हणाली, पोटुशी आहेस, पाय उंचावर ठेवून बस. तळव्याखाली गार बाटली फिरव. रुंद बूट घे. डोकं दुखलं, अंधारी आली तर तडक इथे ये.

मनगट दिसलं तिला. "हे कशानं?"

"इस्त्री लागली."

इस्त्रीला पाच बोटं नसतात, हे तिलाही कळतं.

८ फेब्रुवारी
आमच्या घरात बाटल्यांना काय तोटा! नवऱ्याचीच एक रिकामी घेतली, गार पाणी भरलं, तळव्याखाली फिरवली. स्वर्ग! लग्न झाल्यापासून त्याच्या दारूचा मला झालेला हा पहिला उपयोग.

१० फेब्रुवारी
रुंद बूट मागितले. "राणीसाहेबांना बूट हवेत! जायचंय कुठे?" माझे पाय स्टुलावर होते. त्याने लाथेने स्टूलच उडवलं. कमरेवर आपटले. पोट वाचलं. घरातही बूट काढत नाही तो – लाथ नीट बसते ना! सासूबाई भाजी चिरत राहिल्या.

११ फेब्रुवारी
बाळ हलतंय. बास.

१५ फेब्रुवारी
माझ्या चपला टाकून देत होते. सासूबाई मध्येच – "राहू दे गं, लागतील." कुणाला? तुमच्या लाडक्याने मला जिवंत ठेवलं तर ना! संताप संताप झाला. त्यांचा डावा पाय वाकडा पडतो. म्हणतात, "मोरीत घसरले होते." सासरे होते तोवर या घरातली मोरी फारच निसरडी होती म्हणायची.

१९ फेब्रुवारी
आजचं सगळं लिहितेच.

दुपारी प्यायलेलाच आला. बाटली तळव्याखाली दिसली. "माझी बाटली पायाखाली?" फोडली भिंतीवर. खोलीभर काचा. केस धरून मला पलंगाशी ओढलं. थोबाडीत. तोंडात रक्त. मग पाय उचलला – बुटासकट, पोटाच्या रोखाने. मी स्टूल उचललं आणि घातलं त्याच्या नडगीवर! तो पलंगावर कोसळला. "उठू दे... तुला आणि तुझ्या पोटातल्याला..." म्हणता म्हणता घोरायला लागला.

सासूबाई आल्या. लेकाच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढून माझ्यापुढे ठेवले. "घाल."

शिवून घेतल्यासारखे बसले.

"तुम्हीपण चला, आई."

"माझे पाय तर सुजलेही नव्हते. चपला बसत होत्या. तरी नाही गेले मी. तू जा!"

कडी वाजली आणि तो उठला. धावला, अनवाणी. काचा नेहमी मी झाडते. आज झाडल्या नव्हत्या! त्याची किंकाळी जिन्यापर्यंत ऐकू आली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२० फेब्रुवारी
लाँड्रीच्या मालकीणबाईंनी मागची खोली दिली. पाय चादरींच्या गठ्ठ्यावर. सकाळी नर्सला सगळं खरं सांगितलं. बाळाचे ठोके ऐकवले तिने – ठणठणीत! पण सासूबाई तिथेच आहेत. बूट कुणी दिले, हे त्याला कळलं असेलच.

२१ फेब्रुवारी
मालकीणबाई आमच्या घरी जाऊन आल्या. दाराला कुलूप. मी का नाही ओढून आणलं त्यांना!

२२ फेब्रुवारी
सकाळी शटर वर केलं. दारात सासूबाई. ओठ फाटलेला, एक डोळा बंद. पायात माझ्या चपला.