चिनी बागेतला घास

अहो,

निदान कागदावर तरी नावानं हाक मारावी म्हणून बसले, पण हात वळला तो ‘अहो’वरच. राहू दे. उद्या सकाळी पुण्याला निघायचं आहे. तुम्हाला हातातल्या पिशवीतच घ्यायचं, सामानात टाकायचं नाही, असं तळमजल्यावरच्या तामुरासाननी मला पुन्हापुन्हा बजावलंय.

आज आईंचा फोन आला होता. परत तोच प्रश्न. "सुमन, त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं गं?" आवाज नीट येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. उद्या समोर बसून विचारतील तेव्हा काय सांगू? हे विचारायला तुमच्याशिवाय आहे कोण मला?

म्हणून दुपारी एकटीच बागेत गेले. तीच, चिनी, त्या रविवारी तामुरासाननी आपल्याला नेलं होतं ती. बाहेर ओसाकाची तीच धावपळ, पुलावरून गाड्या धडधडत होत्या, आणि भिंतीच्या आत ते हिरवं तळं, भोकाभोकांचे दगड, वळलेल्या कौलांचे मंडप. काही म्हणता काही बदललं नव्हतं. याचा मला फार राग आला.

ते पांढऱ्या भिंतीतलं गोल दार आठवतं? तुम्ही त्यात उभे राहिलात आणि म्हणालात, "काढ फोटो, फ्रेम तयारच आहे." असं कुणी बोलतं का हो? आता तोच फोटो मोठा करून घेतलाय.

आणि तो वाकडातिकडा पूल! भुतांना सरळच चालता येतं, म्हणून चिनी लोक पूल असे बांधतात, असं तामुरासाननी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात, मग आमच्या पेठांतल्या गल्ल्यांत एकही भूत टिकत नसणार. त्या बिचाऱ्यांना विनोद कळला नाही, तरी तोंडावर हात ठेवून हसल्या. आज त्याच पुलावर बराच वेळ उभी होते. म्हटलं, तुम्हाला यावंसं वाटलं तरी इथून कसे येणार?

मग मंडपात बसले, आपण डबा उघडला होता तिथेच. बटाट्याच्या काचऱ्या तुम्हाला चॉपस्टिक्सनं खायच्या होत्या. का, तर प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकांनी जेवायला बोलावलंय, सराव हवा! निम्म्या काचऱ्या मांडीवर. तामुरासान तळ्यातले मासे बघत होत्या, म्हणून मला चेव आला. मी माझ्या काड्यांत एक काचरी धरली आणि लग्नातल्यासारखं नाव घेतलं,

"चिनी बागेच्या तळ्यात रंगीत मासे,
श्रीधररावांना घास देते, बघा हसतात कसे."

तुम्ही तोंड पुढे करायचं सोडून काड्या पुढे केल्यात. माझ्या काड्यांतली काचरी तुमच्या काड्यांत गेली, न पडता! केवढे खूष झाला होतात. तेवढ्यात तामुरासान वळल्या आणि त्यांनी आपल्या दोघांच्या मध्ये हात घातला. चेहरा पांढराफटक. "असं करू नका," एवढंच म्हणाल्या. का, ते विचारलं तर म्हणाल्या, जेवताना बोलायची गोष्ट नाही ती.

तुम्ही ती काचरी तोंडात टाकलीत आणि डबा बाजूला सारून कपाळ दाबत डोळे मिटून बसलात. मी विचारलं, तर ऊन लागलं म्हणालात. रक्तदाबाच्या गोळ्या घेत होतात हे मला नंतर तुमच्या कोटाच्या खिशातून कळलं. बायकोला सांगण्यासारखं नव्हतं का ते? मंगळवारी तुम्ही प्रयोगशाळेतच कोसळलात. दवाखान्यात पोचले तेव्हा तुमच्या तोंडात नळी होती. थेंबभर पाणी घालू द्या, एवढंच मला म्हणायचं होतं. पण माझं जपानी भाजी घेण्यापुरतं. मी वाटी पुढे केली, नर्सनं हळूच माझा हात धरला. वाटी घेऊन तशीच उभी राहिले. तुम्ही गेलात तेव्हाही पाणी वाटीतच होतं.

आणि मग स्मशानातली ती खोली. इथे अस्थी हातानं उचलत नाहीत. माझ्या हातात काड्या दिल्या, तामुरासानच्या हातात काड्या दिल्या. दोघींनी मिळून एक हाड उचलायचं आणि मडक्यात ठेवायचं. माझ्या काड्यांना त्यांच्या काड्या लागल्या आणि मला तो मंडप आठवला. या देशात काड्यांना काड्या लावून एवढी एकच गोष्ट उचलतात. तामुरासान माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्या काचरीनं काही झालं नाही, हे मला कळतं. शास्त्रज्ञाची बायको आहे मी. पण कळून करू काय? मला आता कशाचाच उपयोग वाटत नाही. पुण्याचाही नाही.

मात्र आज त्या मंडपात बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. रविवारी बागेतून आल्यावर तुम्ही न जेवताच झोपलात, सोमवारी सकाळी तसेच गेलात आणि रात्री उशिरा आलात ते बाहेर खाऊन, मंगळवारी चहा न घेताच पळालात. म्हणजे माझ्या हातून तुम्हाला गेलेलं शेवटचं अन्न तेच.

तेव्हा तुम्हाला वचन देते. आईंनी विचारलं की फोन ठेवल्यासारखी उठून जाणार नाही. त्यांच्या जवळ बसेन आणि सांगेन, पाण्याचं विचारू नका आई, शेवटचा घास मी दिला. नाव घेऊन दिला. कशानं दिला, ते मात्र त्यांना कधीच सांगणार नाही.

तुमची,
सुमन