अप्पांचा कॉम्प्युटर आणि हट्टी पेनड्राइव्ह

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

पुन्हा काळा पडदा! अप्पांच्या कॉम्प्युटरमधलं विंडोज उन्हाळ्यात मेलं ते मेलंच. सोमशेखरचा पुण्याहून फोन — "ताई, रविवारी येतोय. भंगारवाल्याला सांगितलंय, दिवाळीची साफसफाई हाय. नाद सोड की." कसा सोडू? अप्पा जाऊन वर्ष झालं, आणि त्यांच्या चादरींच्या सगळ्या नक्षी त्या डब्यात अडकल्यात! शेवटची सहा वर्षं हात इतका थरथरायचा की घास सांडायचा. तरी कारखान्यात नक्षी जात होत्या, रेघ न् रेघ सरळ. मी टेंभुर्णीला शाळेत शिकवणार, घरी येणार सणापुरती; आता खास आठवड्याची रजा काढून आलेय. कसं जमायचं त्यांना? मला बघायचंच आहे.

पेनड्राइव्हवर लिनक्स घेतलं की बिघडलेला कॉम्प्युटरही त्यावरून चालू होतो, आतल्या फाइली काढता येतात — असं वाचलं. फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर टाकली, लावला. काही नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आमच्या शाळेच्या लॅबमधले दिपक सर फोनवर हसतच सुटले. "मॅडम, भजनं भरल्यासारखं कॉपी केलं की काय?" अगदी तसंच केलं होतं! ती फाइल वेगळ्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर 'लिहावी' लागते म्हणे. लिहिली. पट्टी सरकताना बघत बसले आणि दूध उतू गेलं.

लावला. ढिम्म!

बुधवार, ८ ऑक्टोबर

एफ-बारा दाबून कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा ती यादी उघडली. हार्ड डिस्क आहे, सीडी आहे, पेनड्राइव्ह नाहीच. माझ्या लॅपटॉपला लावला तर तिथं लिनक्स झक्क सुरू! म्हणजे पेनड्राइव्ह शहाणा, खोड डब्यात.

आई, आमची अव्वा, शेंगा निवडता निवडता म्हणाली, "पुढं नको लावू. मागं लाव की." म्हटलं, अव्वा, तू तुझ्या शेंगा बघ.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सगळ्या सेटिंगा बदलल्या. परत होत्या तशा केल्या. डोकं उठलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दिपक सरांनी विचारलं, "पेनड्राइव्हचा दिवा लागतो का?" पाहिलंच नव्हतं! लागत नव्हता. नीट आतही जात नव्हता, नवा आहे म्हणून मी सोडून दिलेलं. मग पुढच्या भोकांत टॉर्च मारला — तांदूळ! कुंकवानं लाल झालेले. खंडेनवमीला अव्वानं बंद पडलेल्या कॉम्प्युटरचीही पूजा केली होती, त्या अक्षता. हसून हसून पोट दुखलं.

मागं लावला. दिवा लागला. लिनक्स सुरू!! अप्पांचं फोल्डर उघडलं, दोनशेच्या वर नक्षी. शेवटचा मोर अर्धाच, एकाच पंखाचा. तो पाहिला आणि रडू आवरेना.

पण मागं लावायचं हे अव्वाला कसं ठाऊक?

रविवार, १२ ऑक्टोबर

भंगारवाल्याला परत पाठवलं. अव्वाला मोर दाखवला. तिनं पदराला हात पुसले, माझ्या हातातून माऊस घेतला आणि दुसऱ्या पंखाचे चौकोन भरायला लागली. भराभर. "अक्षता अडकतात तितं दरसाली. मी मागंच लावते." मग हळूच — "हात चालत न्हवता त्यांचा. कारखान्यात नाव त्यांचंच चालायचं की. ते गेल्यावर कुणाच्या नावानं पुरा करू?"

नक्षीखालची नावाची चौकट रिकामी होती. मी अव्वाचं नाव टाइप केलं — शरणम्मा.

तिनं वाचलं. "पंख होऊ दे आधी," म्हणाली. पण खोडलं नाही.