मजबूत शिवणीबद्दलचे मृत्युपत्र

मी, प्रियदर्शनी शिवाप्पा चिंचणे, वय ४६, बी.कॉम., राहणार इंदिरानगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. दबाव कोणाचाही नाही. शंका पुष्कळ आहेत, पण त्या माझ्या स्वतःच्या.

१. महागड्या मोटारींच्या सीटा शिवण्याचे माझे पीण्या औद्योगिक वसाहतीतील वर्कशॉप कारागीर योगीराज यांना द्यावे. धाकटा भाऊ अभिराज याला नाही. तो म्हणतो, "अक्का, गिऱ्हाइकाला मागचे बेल्ट दिसायला नको असतात. कव्हरखाली दाब की!"

२. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, जपलेला सागवानी डॅशबोर्ड अभिराजला. तेव्हा श्रीमंती म्हणजे लाकूड, पितळी बटणे आणि टोकदार अ‍ॅशट्रे. जोरात ब्रेक लागला की ती सगळी कपाळावर उमटायची. पुढे डॅशबोर्डला फोम लागला, तेव्हा आप्पा म्हणाले, "मोटार आहे की बाळंतिणीची खोली?" मग पट्टे आले, एअरबॅगा आल्या. आता लोक सुरक्षितता हौसेने विकत घेतात आणि ती झाकायला आमच्याकडे येतात.

३. माझ्या रोजनिश्या न वाचता जाळाव्यात. अभिराजबद्दल मी त्यांत अन्याय केलेला असण्याची शक्यता आहे.

४. (खोडले.) माझ्या पश्चात योगीराज यांनी एचएसआर लेआउटमधील वासुदेव यांच्या मोटारीच्या पुढच्या सीटची कड उसवावी. त्या कडेत एअरबॅग असते. धडकेत शिवण फाटून ती बाहेर यावी म्हणून कंपनी तिथले टाके मुद्दाम कच्चे ठेवते. मी सहा वर्षांपूर्वी तिथे अभिमानाने नायलॉनची दुहेरी शिवण घातली. चूक कळल्यावर फोन केला, तर ते म्हणाले, "मॅडम, एक टाका हलला नाही! मुलगी रोज त्याच सीटवर बसते." मी "सरी", म्हणजे बरं, म्हणून फोन ठेवला. याला मी संकोच म्हणत आले. खरे तर नाव जाण्याची भीती होती.

कलम पुन्हा वाचले. मी अजून तीस-चाळीस वर्षे जगायचे म्हणते. तोवर त्या मुलीने थांबावे, एवढाच त्याचा अर्थ निघतो. म्हणून ते खोडले आणि ब्लेड घेऊन निघाले.

५. शिवण आज सकाळी उसवली. वासुदेव हळहळले, "किती पक्की होती हो!" मी कारण सांगितले, मृत्युपत्रातले खोडलेले कलमही सांगितले. ते उसवलेली कड चाचपत म्हणाले,

"अशा आणखी किती गाड्या शिवल्यात?"

"अकरा."

"मग मृत्युपत्र काय लिहीत बसलात? यादी लिहा."

यादी सोबत जोडली आहे.

सही: प्रियदर्शनी शि. चिंचणे
साक्षीदार: १. वासुदेव (यादी वाचून सही केली) २. डॉ. कावेरी, शेजारी
बेंगळुरू, १४ नोव्हेंबर २०२५