कमलिनीची मंगलाष्टकं

प्रेम नगर, झाशी

अंबिकाअक्का,

हे पत्र टपालात टाकायचा धीर होणार नाही, म्हणून खरं लिहितो. कमलिनीच्या लग्नात मला ताप नव्हता. सगळे दात काढले होते आणि कवळी तयार व्हायची होती. बोळक्या तोंडाने मंगलाष्टकं म्हणायची लाज वाटली, म्हणून बरुआसागरला आलो नाही. भाचीचं लग्न परक्या पंडितजींनी लावलं.

आज कवळी बसली. कवळीने उच्चार किती सुधारतात, यावर इथल्या डॉक्टरीणबाई संशोधन करतात. "पंडितजी, कुछ भी सुनाइए," म्हणत त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. तोंडून मंगलाष्टकंच आली, अगदी स्वच्छ. दवाखान्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले.

"दर्द हो रहा है क्या?" बाईंनी विचारलं.

मी हो म्हणालो.

तुझा धाकटा,
वामन