कोपऱ्यातली चौकट

सोमवार, ३ नोव्हेंबर

निवडणुकीतल्या उमेदवारांची पहिली मुलाखत झाली. ब्रॉनी ट्रेगियर, सत्ताधारी पक्षाची. टाउन हॉल अर्धा रिकामा, बाकीचं गाव घरी पडद्यासमोर. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मी. बोललेलं सगळं बहिऱ्यांना हातांनी सांगणारी.

बाई वाक्य पुरं करतच नाही. "शेवटी कसं आहे, आपण जे काही—" माझे हात हवेत लोंबकळत राहिले. नर्सिंग होमचा नदीकडचा विभाग बंद करणार का, असं मुलाखत घेणाऱ्या फिट्झीने पुन्हा पुन्हा विचारलं. ती इस्पितळाच्या नव्या छपराबद्दल बोलत राहिली.

त्या विभागात माझी आई आहे. आई, क्लॅरी, थोरा, नेव्ह. सगळे जन्मापासून बहिरे, शाळेपासूनचे दोस्त. विभाग बंद झाला तर जिथे खाट रिकामी तिथे एकेकाला पाठवतील. मग आई मरेपर्यंत कुणाशी बोलणार? भिंतीशी?

हे मला कुठेच म्हणता येत नाही. दुभाष्याला मत नसतं. आईही नसते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कपची, घोड्यांची मोठी शर्यत. होममध्ये सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या. क्लॅरीचा घोडा शेवटून पहिला.

"कालची बाई वायपरसारखी," क्लॅरी हातांनी म्हणाला. "तोंड चालू, पाऊस नाही!"

थोरा: "पण स्कार्फ छान होता हं."

आईने मला विचारलं, "तुला कशी वाटली?"

"मला काही वाटायचं नसतं, आई."

"एवढी शिकलीस ती यासाठी?"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डेस कोवाल, अपक्ष. मेंढ्यांचा डॉक्टर. दाट मिशा, पुटपुटणं. "विभाग वाचवीन असं सांगत नाही. एकटा माणूस काय वाचवणार? भांडेन."

फिट्झी: "बाबा रे, मतं मागायला आलायस की परत करायला?" हॉल हसला.

पण प्रत्येक वाक्यानंतर हा माणूस माझ्याकडे बघून थांबायचा — माझे हात पोचेपर्यंत. असं आजवर कुणी केलं नाही. रडू येत होतं. चेहरा मात्र बोलणाऱ्याचा ठेवायचा असतो. ठेवला.

आई ओठ वाचते. याचे तिला दिसलेच नाहीत. क्लॅरीचा निकाल: "आधी मिशा काप म्हणावं, मग मत माग!"

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ग्रँट हॅडो, विरोधी पक्ष. गुळगुळीत दाढी, स्वच्छ दात, घोटलेला आवाज. "ही आपली माणसं आहेत. त्यांची काळजी घेतली जाईल. माझा शब्द!" टाळ्या.

कुठे घेतली जाईल, ते सांगितलं नाही.

आमच्या हातांच्या भाषेत बोलायचं तर माणसं कुठेतरी ठेवावी लागतात. हाताने जागा दाखवावी लागते. मोघम, दूर कुठेतरी दाखवता आलं असतं. मी बोट खाली, जमिनीकडे नेलं. इथे. इथेच.

तो 'इथे' म्हणाला नव्हता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

होममध्ये जत्रा! क्लॅरी सारखं जमिनीकडे बोट खुपसतोय. "इथे म्हणाला! इथे!" थोराने माझा मुका घेतला. नेव्हने ठेवणीतली शेरी काढली. आई कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती.

"चहा गार होतोय तुझा," एवढंच म्हणाली.

सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं, म्हणजे बोटांशी. पण या गावात दुभाषी मी एकटी. डॉक्टरकडे मी, बँकेत मी, अंत्यविधीला मी. उद्या माझ्या हातांवर विश्वास उरला नाही तर यांनी कुणाचे हात आणायचे?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फिट्झीला फोन केला. चूक जाहीर कर म्हटलं.

"अगं, एका बोटाची बातमी करू? तुझा परवाना जाईल, बस. आणि हॅडो म्हणेल, घ्या, माझ्या तोंडी शब्द घातले! मग तो विभाग त्याच दिवशी गेला समज."

म्हाताऱ्यांसाठी मतपेटी मतदानाच्या आधीच, पुढच्या शुक्रवारी होममध्ये येणार आहे. तोपर्यंत सांगेन.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पेटी एक दिवस आधी, आजच आली. मी पोचले तर क्लॅरी दारातच अंगठा दाखवत उभा. "मतपत्रिकेवर हॅडोला एक नंबर दिला! मी, थोरा, नेव्ह. तुझा मिशीवाला शेवटच्या नंबरावर."

उशीर. माझा.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शाळेच्या अंगणात मतदान, सॉसेजचा धूर. खाववलं नाही.

हॅडो निवडून आला.

मंगळवार, ९ डिसेंबर

विभाग फेब्रुवारीत बंद. आईला समुद्राकडच्या गावी, क्लॅरीला उत्तरेला. फिट्झीने रेडिओवर हॅडोला विचारलं. "काळजी घेतली जाईल म्हणालो होतो, घेतोय. 'इथे' असं मी कधी म्हणालो?"

नाहीच म्हणाला.

बुधवार, १० डिसेंबर

चौघांसमोर उभी राहिले. सांगायला हात वर केले. आईने माझी दोन्ही मनगटं धरली — लहानपणी गप्प करायची तशी. घट्ट. मग एक मनगट सोडून, मोकळ्या हाताने टेबलाखाली, फक्त मला दिसेल असं म्हणाली: "हॅडोचे ओठ मी त्याच दिवशी वाचले होते. गप्प राहा. उद्या क्लॅरीला डॉक्टरकडे तुझ्याच हातांनी ऐकायचंय."